गोमाची जीभ आणि निळा कागद

पालघर आणि बोईसर यांच्या मधे, रुळांच्या पूर्वेला, माळावर ताडांची एक विरळ रांग होती. पहाटेच्या धुक्यात त्यांची खोडं दिसत नसत. नुसते शेंडे कुणी हवेत सोडून दिल्यासारखे वाटत. त्यांतल्याच एका शेंड्यात गोमा बसलेला असे. कमरेला दोर, पायांत दोराचा फास, पाठीशी पातळ धारेचा कोयता, हाताशी मडकं. खालून जाणाऱ्याला त्याचं खोकणं तेवढं ऐकू येई आणि वाटे, झाडच खोकलं.

गोमाला वर बरं वाटायचं. जमिनीवर तो कुणाच्या लक्षात राहील असा माणूस नव्हता. जव्हारच्या वाटेवरच्या डोंगराळ पाड्यावरून त्याचा बाप इकडे उतरला, माळाच्या कडेला एक कुडाची झोपडी घातली, पावसाळ्यात भाताचा एक तुकडा आणि बाकीचं वर्ष ताड, एवढ्यावर जगला आणि गेला. गोमानंही तेच केलं. पण शेंड्यावर बसला की त्याला पश्चिमेला केळवे-माहीमच्या नारळी-पोफळींचा काळसर पट्टा दिसे, त्यापलीकडे समुद्राची राखाडी रेघ, आणि पाठीमागे पाय हरवलेले डोंगर. मधे वाफेचं इंजिन एक पांढरा धागा ओढत जाई. हे सगळं कुणाचंच नव्हतं, आणि सकाळच्या त्या तेवढ्या वेळेपुरतं गोमाचं होतं.

ताडाच्या तुऱ्याचं टोक संध्याकाळी कागदासारखं पातळ तासायचं, त्याखाली मडकं बांधायचं, आणि उतरायचं. रात्रभर झाड थेंब थेंब गळत राहतं. सूर्य वर यायच्या आत मडकं काढायचं. काम एवढंच. पण मडकं काढल्यावर गोमा एक करी. बोट बुडवून जिभेवर ठेवी आणि डोळे मिटे. त्या मिटलेल्या डोळ्यांआड त्याला झाडाची रात्र कळे. वारा कुठून होता, टोक जास्त तासलं गेलं का, रसात गोडाच्या पाठीमागून आंबट चालत यायला लागलंय का आणि ते अजून किती लांब आहे. त्याची ही जीभ पाड्यापाड्यांत माहीत होती. लग्नाच्या मांडवात ताडी आली की पहिला द्रोण गोमाकडे येई, आणि तो मान हलवीपर्यंत दुसरं कुणी तोंड लावत नसे.

हे जुने दिवस झाले. मग दारूबंदी आली. ताडी काढणं गुन्हा झाला, मडकी फुटली, काही माणसं चौकीत बसून आली. काही वर्षांनी पालघर स्टेशनाबाहेर एका सहकारी संघानं नीरेचं केंद्र उघडलं. रस तोच, झाडं तीच, फक्त आंबता कामा नये. आंबला की तो ताडी, आणि ताडी म्हणजे केस. रस आंबू नये म्हणून मडकं धुवून, धुरावर उपडं धरून, आतून चुना फिरवायचा. माहीमच्या कोळणी शिंपले भाजून चुना करीत, तो संघ आणून देई.

गोमाला सुरुवातीला हसू आलं होतं. जन्मभर ज्या आंबटपणाची वाट पाहायची शिकवण बापानं दिली, तो आता दाराशीच अडवायचा. पण जीभ तीच होती आणि ती हेही शिकली. चुना बेताचा हवा. कमी पडला तर दिवस उगवायच्या आत रस फेसाळतो. जास्त झाला तर रसाला राखेची तुरट चव येते आणि पिणाऱ्याचं तोंड भाजतं. या दोहोंच्या मधे एक अरुंद बांध आहे, भातखाचरांच्या मधला असतो तसा, आणि त्यावरून पाय न घसरता चालायचं. गोमा चालला. संघानं त्याला स्टेशनापासून जवळची, चांगली गळणारी झाडं दिली, ती या चालण्यावर. आणि जिभेवर भरवसा उरला नाही तर झाडं दुसऱ्याला, हेही पहिल्याच दिवशी सांगितलं. झाडं गेली की मग इतरांसारखं वसईकडच्या मिठागरांत किंवा वीटभट्ट्यांवर, पावसाळा संपला की बायकोपोरांसकट.

केंद्रावर प्रतापभाऊ बसत. केळव्याच्या एका वाडीवाल्याच्या घरचे, पानवेली आणि सुपारी असलेल्या घरातले. मुंबईला कॉलेजात जाऊन इंटर सायन्सला दोनदा अडकले आणि परत आले. तिशीचे, बारीक चणीचे, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघत बोलणारे. त्यांचं काम तपासणीचं. औषधाच्या रिकाम्या बाटलीत त्यांनी तांबड्या कागदाच्या बारीक पट्ट्या ठेवलेल्या असत. प्रत्येकाच्या डब्यात एक पट्टी बुडवायची. निळी झाली की रसात चुना जिवंत आहे, रस चांगला, डबा पुढे मोठ्या पिंपात. तांबडीच राहिली की डबा गटारात. प्रतापभाऊंनी स्वतः नीरा कधी चाखली नव्हती. वडील माळकरी, ताडाच्या रसाचं घरात नावही घेत नसत. तेव्हा जे काय सांगायचं ते कागद सांगे.

बासष्ट साल सरत आलं होतं. तारापूरच्या किनाऱ्यावर सरकार काहीतरी प्रचंड बांधणार अशी बोलणी चालली होती, आणि बोईसरला उतरून टोप्या घातलेली माणसं दुर्बिणीसारखं काहीतरी तिकाटण्यावर ठेवून माळ मोजत फिरत. त्या वर्षी भात झोडून झालं आणि गोमाला ताप आला. तो बरेच दिवस राहिला. तापात गोमाला वाटे की आपण शेंड्यावरच आहोत आणि खाली जमीन नाही. मग एका सकाळी ताप उतरला, जमीन परत आली, बायकोनं, पारूनं, आंबील दिली, आणि गोमाला तिच्यात काहीच सापडलं नाही.

आंबील ऊन होती, पातळ होती, घशाखाली उतरत होती. पण ती नाचणीची नव्हती. कशाचीच नव्हती.

त्याला वाटलं, तापानंतर असं होतं. येईल. त्यानं वाट पाहिली. लपून चिंच चोखली, ती नुसती लिबलिबीत लागली. वाळलेल्या बोंबलाचं टोक चावलं, ते लाकूड झालं होतं. एकदा पारू पाण्याला गेली असताना त्यानं मिठाचा खडा जिभेवर ठेवला आणि तो पूर्ण विरघळेपर्यंत बसून राहिला. खडा गेला. जाताना काही बोलला नाही.

गोमानं हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्याच्यापाशी काही नव्हतंच. जे नाही ते कसं दाखवणार. जग पूर्वीसारखंच दिसत होतं, फक्त कुणीतरी आतून त्याचं बोलणं काढून घेतलं होतं. बायको भाकरी थापत होती, कोंबड्या उकरत होत्या, आणि या सगळ्याला आता चव नसलेल्या पाण्यासारखी एक शांतता आली होती. कधी कधी ती त्याला आवडेही. शेंड्यावर बसून तो बोट बुडवी, जिभेवर ठेवी, डोळे मिटे, आणि मिटलेल्या डोळ्यांआड फक्त धुकं असे, समोर होतं तसंच.

पण रस तर उतरवायचा होता. आंबला तर केस, झाडं जाणार. गोमाला भीती एकाच बाजूची होती, कारण कागदालाही एकच बाजू माहीत होती. केंद्रावर सगळे म्हणत, निळा झाला की झालं. म्हणून त्यानं मडक्यात चुन्याचं बोट जरा जाड फिरवलं. कागद निळा. दुसऱ्या दिवशी आणखी जाड. कागद पुन्हा निळा, तितकाच निळा. प्रतापभाऊंनी मान डोलावली, आणि गोमाला वाटलं, या माणसाच्या बाटलीत आपली हरवलेली जीभ पट्ट्या पट्ट्या करून ठेवली आहे. तोंड भाजतंय का, हे त्याला स्वतःला कळण्याची सोय नव्हती. लहानपणापासूनच्या तंबाखू-चुन्यानं त्याच्या तोंडाचं कातडं आतून चामड्यासारखं झालं होतं.

त्याच दिवसांत एकदा गाडी उशिरा होती. गिऱ्हाईक नव्हतं. बाकीचे काढणारे डबे ओतून निघून गेले, गोमा मागे रेंगाळला आणि त्यानं प्रतापभाऊंना विचारलं की कागदाला हे कळतं कसं. प्रतापभाऊंना असं कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी खांद्यावरची नजर काढून पहिल्यांदाच गोमाच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोलायला लागले. कॉलेजातलं बाकी सगळं ते विसरले होते, पण एक धडा त्यांच्या मनात राहून गेला होता, का ते त्यांनाही माहीत नव्हतं.

त्यांनी पेल्यात साधं पाणी घेतलं आणि गोमापुढे ठेवलं. हे पाणी गप्प दिसतं, ते म्हणाले, पण ते गप्प नाही. त्याच्यातला अगदी थोडासा भाग क्षणाक्षणाला फुटत असतो. फुटून दोन तुकडे होतात. एक तुकडा आंबटाच्या घराण्यातला, दुसरा चुन्याच्या घराण्यातला. आणि फुटलेले पुन्हा एकमेकांना भेटून पाणी होतात. जेवढे फुटतात तेवढेच जुळतात, म्हणून आपल्याला वाटतं काही होत नाहीये. दोन्ही सारखेच असतात, म्हणून पाणी आंबटही लागत नाही आणि तुरटही. चुना घातला की चुन्याच्या घराण्याचे वाढतात, आंबटाचे कमी होतात. आंबट वाढलं की उलटं.

गोमानं विचारलं, चुना खूप घातला तर आंबटाचे संपतात का.

"नाही संपत," प्रतापभाऊ म्हणाले. "तीच तर गंमत आहे. कितीही चुना घाल, एखाददुसरा राहतोच. अगदी कमी, पण राहतो."

गोमा पेल्याकडे बघत राहिला. पाण्यात खिडकीचं चौकोनी आभाळ पडलं होतं आणि ते मुळीच हलत नव्हतं. आत एवढं तुटणं-जुळणं चाललेलं आणि वर एक तरंग नाही. त्याला पारूची आठवण झाली, का ते त्याला सांगता आलं नसतं. त्यानं पाणी पिऊन टाकलं. प्रतापभाऊ हसले. गाडी आली.

पुढचे काही दिवस गोमा झाडावर जरा जास्त वेळ बसे. त्याच्या मनात ती गोष्ट पाझरत होती. एखाददुसरा राहतोच. मग आपल्या तोंडातही कुठंतरी, दाताच्या फटीत, जिभेच्या मुळाशी, एवढासा गोडवा उरला असेल. तो शोधायला तो जिभेनं टाळू चाचपडी, अंधाऱ्या झोपडीत पडलेली सुई शोधावी तसा. धुक्यात सूर्य नुसता एक पांढरा डाग होता. कधी कधी त्याला वाटे, आपणच त्या पेल्यात आहोत, आपल्यातलं काहीतरी क्षणाक्षणाला फुटतंय, पण आता जुळायला परत येत नाही.

पौषात सोमी आली. गोमाची थोरली लेक, डहाणूकडे दिलेली, पहिलटकरीण, बाळंतपणाला आली होती. गोमाच्या घरी बापाच्या वेळेपासून एक रीत होती. मोसमात नवीन झाड तासायला घेतलं की त्याचा पहिला उतार, पहिल्या मडक्यातला रस, घरातल्या पोटुशी बाईला द्यायचा. घरात तशी कुणी नसेल तर झाडाच्या बुंध्याशी ओतायचा. बापाचं म्हणणं असे की झाडाला कळतं, आपला रस कुठं जातो.

गोमानं रांगेच्या टोकाचं एक तरणं झाड त्या वर्षी पहिल्यांदा घेतलं होतं. सोमी आली त्याच्या दुसऱ्याच सकाळी त्यानं ते मडकं वेगळं ठेवलं, सोमीला झाडाखाली बोलावलं आणि पळसाचा द्रोण भरून दिला. सोमीनं तो दोन्ही हातांत धरला, बापाकडे बघून हसली आणि सगळा प्याली. पहिल्या घोटाला तिचे डोळे जरा बारीक झाले, ते गोमानं पाहिलं. पण उन्हाचा एक कवडसा तेव्हाच झावळीतून खाली आला होता, आणि त्याला वाटलं, त्यानं झाले. गोड आहे का, त्यानं विचारलं. सोमीनं मान हलवली. बापाच्या हातचा पहिला उतार कुणी नावं ठेवून पीत नाही.

दुपारी सोमी जेवली नाही. मिरचीचा ठेचा ताटात होता, तिनं नुसता भात चिवडला. पारूनं तिला दारात उजेडाला नेलं, ओठ दुमडून पाहिला, आणि आत जाऊन तिच्या तोंडाला लावायला खोबरेल घेऊन आली. आतून ओठ पांढरे झाले होते, जिभेचं टोक लाल. विड्याला चुना जास्त लागल्यावर होतं तसं. सोमी म्हणत होती, काही नाही, जाईल उद्या. पोटातलं बरं आहे ना, पारूनं विचारलं, आणि सोमीनं पोटावर हात ठेवून हलतंय म्हणून सांगितलं तेव्हा पारूचा चेहरा जरा सुटला.

गोमा माळावर दोर वळत बसला होता. पारू त्याच्यासमोर येऊन उकिडवी बसली. तिनं आरडाओरडा केला नाही. तिला तो येत नसे.

"आज भात कसा होता?" तिनं विचारलं.

"बरा होता."

"काल?"

"कालबी बरा."

"चार दिस झाले, भातात मीठ नाय," पारू म्हणाली. "आंबिलीत नाय, कालवनात नाय. सोमी येवाच्या आधीपासून. तिला येगळं देते. वाटलं, बोलशील. गुमान खातोस."

गोमाच्या हातातला दोर थांबला. माळावरून वारा येत होता आणि वाळलेलं गवत एका बाजूला झुकून पुन्हा उभं राहत होतं. म्हणजे हिला माहीत होतं. चार दिवस ती त्याच्या ताटासमोर बसून वाट पाहत होती, त्यानं एकदा तरी म्हणावं म्हणून. आणि तो तिच्यासमोर बसून चांगलं झालंय म्हणत होता. दोघंही एकाच कोरड्या विहिरीत वरून वाकून पाहत होते, दोन बाजूंनी.

"तापात गेली," तो म्हणाला.

पारूनं त्याच्या हातातलं दोराचं दुसरं टोक धरलं आणि पीळ घट्ट ठेवला, सुटू नये म्हणून. मग ती बरंच बोलली. सांगून टाक म्हणाली, प्रतापभाऊ वाईट माणूस नाही. गोमानं सांगितलं की वाईट नाही पण झाडं त्याच्या बापाची नाहीत. जीभ गेली म्हटलं की रांग महादूला देतील. महादू त्याच्याच वयाचा, शेजारच्या माळावरचा काढणारा, हात त्याचाही चांगला. पारू म्हणाली, मग चुना कमी लाव. किती कमी, गोमानं विचारलं. आंधळ्याला जरा डावीकडून चाल म्हणण्यासारखं होतं ते.

उत्तर शोधायला वेळही मिळाला नाही. दोन दिवसांनी सकाळी प्रतापभाऊ सायकल ढकलत माळावर आले. पायवाट ओली होती, त्यांच्या धोतराला खालून चिखलाची नक्षी आली होती. सायकलच्या दांडीला पिशवी, पिशवीत सोड्याच्या तीन बाटल्या, प्रत्येकीच्या गळ्याला निरनिराळ्या रंगाचा दोरा.

गोमा नुकताच उतरला होता. पारू झाडाखाली मडकी पुसत होती. प्रतापभाऊ बांधावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. केंद्रावर तक्रारी येत होत्या. एका उतारूचं तोंड आलं, एका बाईनं पोराला पाजली ते रात्रभर रडलं. पिंपात सगळ्यांचा रस एकत्र होतो, तेव्हा कुणाचा म्हणून सांगणार. कागद तर सगळ्यांना निळा. रात्रभर विचार केल्यावर त्यांना त्यांचीच चूक कळली होती, आणि ती सांगताना ते पुन्हा गोमाच्या खांद्याकडे बघू लागले. कागद फक्त कुठल्या काठावर आहात ते सांगतो. काठापासून किती आत गेलात ते सांगत नाही. गुडघाभर पाण्यातला माणूस आणि बुडालेला माणूस, कागदाला दोघेही ओलेच.

"म्हणून तुझ्याकडे आलो," ते म्हणाले. "तक्रारी आल्या त्या दिवशी पिंपात तिघांचे डबे होते. काल ते पिंपात जायच्या आधीच प्रत्येकाची एकेक बाटली भरून ठेवली. तू चाखून सांग, कुणाचा चुना जास्त आहे. तू सांगशील तो उद्यापासून बंद. तिघांत तुझाही आहे, महादूचाही, पण तुझ्याबद्दल मला शंका नाही. आणि महादूला विचारलं तर तो काय सांगणार, ते तुलाही माहीत आहे."

त्यांनी बाटल्या बांधावर ओळीनं ठेवल्या. तिन्ही सारख्याच, जरा दुधाळ, उन्हात आतून उजळलेल्या.

गोमानं पहिली उचलली. घोट घेतला, डोळे मिटले. थंड. दुसरी. थंड. तिसरी. थंड. मिटलेल्या डोळ्यांआड पांढरं धुकं होतं आणि त्यात तीन माणसं उभी होती, तिघांनाही चेहरा नव्हता. यांतल्या कुणावरही बोट ठेवलं तर ते खरं ठरणार होतं. ही त्याच्या जिभेची जुनी पुण्याई. नुसतं म्हणायचं, हा. त्या बाटलीचा दोरा महादूचा निघाला तर महादूची झाडं जातील, मिठागरावर तो जाईल, आणि हा शेंडा, ही समुद्राची रेघ, इथंच राहील. अगदी सोपं होतं. फक्त बाटली चुकून स्वतःची निघाली नाही म्हणजे झालं. तेवढं नशीब माणसाला लाभतं.

त्यानं डोळे उघडले. समोर झोपडीच्या दारात सोमी पोटावर हात ठेवून उभी होती. अजून ती तोंड नीट मिटत नव्हती. ओठ जरा विलग ठेवून श्वास घेत होती, लहानपणी झोपेत घ्यायची तसा.

"यातला कुठला ते नाय कलत माना," गोमा म्हणाला. "पन ज्यानं तोंड जलतं तो माजा."

प्रतापभाऊंना आधी समजलं नाही. मग गोमानं सांगितलं, ताप, आंबील, मिठाचा खडा, जाड फिरवलेलं चुन्याचं बोट, सोमीचा द्रोण. सलग सांगितलं, वर न बघता. सांगून झालं तेव्हा त्याला झाडावरून उतरल्यावर पाय हलके होतात तसं काहीतरी झालं. प्रतापभाऊ बाटल्यांच्या गळ्यातल्या दोऱ्यांकडे बघत होते. गोमा काय प्याला आणि त्यातलं त्याला काय कळलं, हे त्यांना आता दिसत होतं.

पारू उठली. पदराला हात पुसले, आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं एकेका बाटलीतून घोटभर घेतलं. पहिली गिळली. दुसरी गिळली, जरा तोंड वाकडं केलं. तिसरी तिनं गवतात थुंकली.

"हा आमचा," ती म्हणाली.

प्रतापभाऊंनी दोरा पाहिला. मान हलवली.

"चडंल तो. चाखीन मी," पारू म्हणाली. "झाडाखाली. रोज. मडकं खाली येल, मी सांगीन कमी का जास्ती, मंग केंद्राला येल."

प्रतापभाऊ म्हणाले की संघाकडे असं कधी झालं नाही. एका रांगेला एक माणूस असतो. दोन माणसांची मजुरी संघ देणार नाही.

"दोन नकोच," पारू म्हणाली. "हाय तीच आमी दोगं खातो."

प्रतापभाऊंना हसू आलं आणि ते त्यांनी खाली बघून लपवलं. माळावर धुकं विरत होतं, दूर बोईसरच्या बाजूला मोजणाऱ्या माणसांच्या टोप्या दिसायला लागल्या होत्या. शेवटी ते उठले आणि म्हणाले की होळीपर्यंत बघू. तोवर कुणाचंही तोंड भाजलं तर झाडं महादूला. आणि आजचा गोमाचा सगळा रस इथंच ओता. पारूनं तो ओतला. बांधाखालच्या मातीनं तो पिऊन टाकला आणि वर एक पांढरट साय राहिली.

जाताना सायकलीवर बसता बसता त्यांनी गोमाला विचारलं, झाडावरून काय दिसतं रे. गोमानं सांगितलं, समुद्र. प्रतापभाऊ केळव्याचे, समुद्र त्यांच्या वाडीच्या मागेच होता. तरी त्यांनी मान वर करून शेंड्याकडे पाहिलं आणि मग गेले.

त्या दिवसापासून पहाटे माळावर दोघं जात. गोमा वर चढे, पारू बुंध्याशी बसे, अंगावर गोधडी ओढून. पहिले काही दिवस जमलं नाही. एकदा चुना इतका कमी पडला की मडकं खाली येईतो फेस आला, आणि पारूनं ते सरळ उपडं केलं. एकदा जास्त झाला. मग हळूहळू बोट हलकं झालं. गोमा मडकं दोरानं खाली सोडी, धुक्यात ते दिसेनासं होई, दोर सैल पडे, आणि तो वाट पाही. खाली पारू त्याची जीभ घेऊन बसली होती. वर तो तिचे डोळे घेऊन बसला होता. उतरल्यावर ती विचारी, आज समुद्र कुठवर आला, आणि तो सांगे.

सोमीला मुलगी झाली, तोंड केव्हाच बरं झालं होतं. होळी जवळ आली. प्रतापभाऊ आता पट्टी बुडवीत, निळी झाली की गोमाच्या डब्याकडे न बघता त्याच्या मागे उभ्या असलेल्या पारूकडे बघत, आणि तिनं हूं म्हटलं की डबा पिंपात ओतत. होळीनंतर झाडांचं काय, हे त्यांनी अजून सांगितलं नव्हतं.

पारूचं सांगणंही सुरुवातीला एका शब्दाचं असे. कमी. जास्ती. बरा. गोमाला ते पुरेनासं झालं. एके सकाळी दोर सैल पडला, वर वारा अजिबात नव्हता, आणि त्यानं खाली हाक मारून विचारलं.

"कसा हाय?"

"बरा हाय."

"बरा म्हंजे कसा?"

धुक्यात पारू दिसत नव्हती. दुसरा घोट घेत असावी.

"तू पयल्यांदा आमच्या पाड्यावर आलास," धुकं म्हणालं, "दारात उबा रायलास. माजी आय बोलली, आत ये. हासत होतास, पन येत नव्हतास. तसा लागतो. गोड हाय, पन आत येत नाय."

गोमा शेंड्यात बसून ऐकत होता. त्यानं जीभ टाळूला लावून पाहिली. मग कोयता म्यानात खोचला.

"मंग उद्या चुना जरा कमी लावतो," तो म्हणाला.